पाणी नसलेली बाग

"रसवंती दिसली का ते बाग बाद," गुलाबराव पराते म्हणाले. "नुसते घुंगरू वाजले तरी बाद. आपल्याले तिकडं पाहाचंच नाई."

ते माझ्या डाव्या हाताच्या खाटेवर होते. त्यांचा हात उशीवर सरळ ठेवलेला होता आणि त्यातून निघालेल्या दोन नळ्या मशीनकडे गेल्या होत्या. माझाही तसाच. शनिवारची सकाळ होती. एप्रिल अर्धा सरला होता आणि नागपूरचं ऊन सकाळीच खिडकीच्या काचेवर येऊन बसलं होतं.

"आणि पाणपोई?" समोरच्या खाटेवरून यशोधरा बनसोडनं विचारलं.

"पाणपोई तं आधी बाद."

"कारंजं?"

"कारंजं काहून नाई चालत? डोळ्यानं पेल्यावर वजन वाढते काय, सिस्टर?"

सिस्टर जेसम्मा केरळच्या. नागपुरात राहून त्यांचं मराठी गुलाबरावांच्या वळणावर गेलं होतं. मशीनचे आकडे पाहत त्या म्हणाल्या, "तुमचं डोळ्यानं पण वाढते. मंगळवारी काटा बोलते ना."

हॉलमध्ये सगळे हसले. आम्ही सहाजण होतो. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळची पाळी. सगळ्यांची मूत्रपिंडं बंद पडलेली. अशा माणसाला पाणी मोजून मिळतं, कारण प्यालेलं बाहेर पडायला वाट नसते. ते पायात साठतं, मग चेहऱ्यावर येतं, मग छातीत. मशीन ते काढून घेतं, पण पुढच्या पाळीपर्यंतच. शनिवारनंतर थेट मंगळवार उजाडायचा, म्हणून आठवड्यातला रविवार सगळ्यात कोरडा. मंगळवारी सकाळी काट्यावर उभं राहिलं की रविवारी कोणी किती चोरून पाणी प्यालं ते सगळ्या हॉलला कळायचं.

पिकनिकची कल्पना गुलाबरावांची. जुन्या शहरात, महाल भागात त्यांचं साड्यांचं दुकान होतं. दरवर्षी उन्हाळ्यात त्यांच्याकडे मळ्यात रोडगे व्हायचे. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, आंब्याखाली पंगत. मशीन लागल्यापासून ते बंद पडलं होतं. त्यांना एकदा सगळ्या पाळीला घेऊन झाडाखाली बसायचं होतं. मळा दूर, आणि डॉक्टरांनी शहराबाहेर जायला मनाई केलेली. म्हणून शहरातली एखादी बाग. तिथे डोळ्यांसमोर पाणी नसावं, एवढीच अट.

"पत्रकार, तुम्ही पाहून या," ते मला म्हणाले. मी तेव्हा एका दैनिकात शहराचं पान पाहायचो. "तुमच्यापाशी गाडी हाय. आन् हे बाई शाळेत भूगोल शिकवते. गाडी तुमची, नकाशा तिचा."

"मला विचारलंत का?" यशोधरा म्हणाली.

"विचारून राहिलो ना आता."

"जाते," ती म्हणाली. "पण खडतकर गाडी हळू चालवणार असतील तर."

असं ते ठरलं.

रविवारी सकाळी मी तिच्या घरासमोर स्कूटर उभी केली. ती डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळून आली. फक्त डोळे दिसत होते. तिच्या आई, शकुंतलाबाई, फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. "उन्हाच्या आत या," म्हणाल्या. ती मागे बसली. डावा हात मांडीवर, कारण त्या हाताच्या शिरेतून मशीन लागायचं आणि त्यावर भार द्यायचा नसतो. उजव्या हातानं तिनं सीटमागची दांडी धरली. आमच्यामध्ये एक मूल बसेल एवढी जागा राहिली होती.

पहिली बाग चांगली होती. कडुनिंबांची सावली दाट, बाकं स्वच्छ, माणसं कमी. आम्ही बसलो. ती म्हणाली, "पहिल्याच फटक्यात मिळाली म्हणायची."

तेवढ्यात भिंतीपलीकडून घुंगरांचा आवाज आला. उसाचा चरक सुरू झाला होता.

"ऐकू आलं?"

"नाही," मी म्हणालो.

"खोटं बोलू नका. तुमचा गळा हलला."

आम्ही उठलो. दुसऱ्या बागेत कारंजं कोरडं होतं, पण माळी लॉनवर पाइप धरून उभा होता. तापलेल्या मातीवर पाणी पडत होतं. यशोधरा फाटकातच थांबली. तिनं नाकावरचा दुपट्टा खाली ओढला, एकदा श्वास घेतला आणि पुन्हा वर केला.

"वासानं वजन वाढत नाही," मी म्हणालो.

"वाढतं. सिस्टरला विचारा."

आम्ही आत गेलो नाही, पण लगेच निघालोही नाही. फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिलो. मी तिला विचारलं, "समजा उद्या सगळं बरं झालं. पहिल्यांदा काय पिणार?" आमच्यात हा प्रश्न सगळे एकमेकांना विचारायचे. उत्तरं ठरलेली असायची. पन्हं, उसाचा रस, बर्फ घातलेलं ताक.

"शाळेच्या नळाचं पाणी," ती म्हणाली. "कोमट असतं. लोखंडाचा वास येतो. मधल्या सुट्टीत मुली ओंजळ लावून पितात आणि मग ओले हात माझ्या साडीला पुसतात."

"तक्रार करता की कौतुक?"

"तेव्हा ओरडायचे. तुम्ही काय पिणार?"

"चहा. मोठा कप. बशीत न ओतता."

"एवढंच?"

"दुसराही."

ती हसली. दुपट्ट्यात हसलेलं दिसत नाही, डोळ्यांवरून कळतं.

मंगळवारी गुलाबरावांना आम्ही अहवाल दिला. दोन बागा पाहिल्या, दोन्ही बाद. ते खूश झाले. म्हणाले, "पाहा, घाई नाई. पण येकदम बरोब्बर पायजे."

पुढच्या रविवारी आणखी दोन पाहिल्या. त्याच्या पुढच्या रविवारी एकच, कारण तिथं आम्ही उन्हं चढेपर्यंत बसलो. तिथल्या बाकांची तोंडं पश्चिमेला आहेत, असं तिनं सांगितलं. सकाळच्या पिकनिकला त्यानं काय फरक पडतो ते मी विचारलं नाही. मी सांगितलं, की इथं मुलं फार येत असतील. त्या वेळी बागेत एकही मूल नव्हतं. तिनं मान हलवली. "हो, मुलं फार."

एका ले-आउटमधली, म्हणजे प्लॉट पाडून झालेल्या वसाहतीतली, बाग तिला नावामुळे नको होती. तिथं कुणा आजोबांच्या स्मरणार्थ असा मोठा फलक होता. "गुलाबरावांना स्मरणार्थखाली बसवायचं?" ती म्हणाली. हे मात्र मला पटलं.

बागेत बसून ती शाळेतल्या गोष्टी सांगायची. एका मुलीनं नकाशात वैनगंगा अरबी समुद्राला नेऊन सोडली होती, आणि चूक दाखवल्यावर म्हणाली होती, जाऊ द्या ना मॅडम, तिलाही मुंबई पाहू द्या. मी तिला ऑफिसातल्या चुका सांगायचो. एकदा श्रद्धांजलीच्या चौकटीत मृताऐवजी आयोजकाचा फोटो गेला होता आणि तो आयोजक दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला होता. घरी गेल्यावर मला यातलं काहीच विशेष वाटायचं नाही. रविवारी तिथं बसलेलं असताना वाटायचं.

तहान लागलेलीच असायची. ती विसरली जात नाही. पण यशोधराजवळ बसलं की ती तहान माझी एकट्याची राहत नसे.

दुसऱ्या रविवारनंतर मला बाग शोधायची घाई उरली नव्हती. तिलाही नसावी. याबद्दल आम्ही एक शब्द बोललो नाही.

गुलाबराव मात्र बोलले. मे लागला होता. हॉलमधले कूलर गरम हवा फेकत होते. "काय हो पत्रकार," ते म्हणाले, "बाग पाहून राहिले का पोरगी? इतके स्थळं तं म्या माह्या पोराले नाई दाखवले."

हॉलमधल्या सगळ्या माना यशोधराकडे वळल्या. मग समोरून यशोधरा म्हणाली, "तुमच्या पोरानं पहिल्याच स्थळाला होकार दिला होता, गुलाबराव. तुम्हीच सांगितलंय. आणि आता सून कशी आहे, तेही तुम्हीच सांगता."

गुलाबराव इतके हसले, की मशीनचा इशारा वाजायला लागला आणि सिस्टर धावत आल्या.

त्याच आठवड्यातला गुरुवार. पाळी संपली होती. सुई काढल्यावर यशोधरा हात दाबून आत बसली होती. रक्त थांबायला वेळ लागतो. मी बाहेर आलो तर शकुंतलाबाई लिफ्टजवळ उभ्या होत्या. त्यांनी मला खुणेनं बोलावलं.

"भाऊ, पिकनिक कधी आहे?"

"बाग ठरली की लगेच."

"बाग कधी ठरेल?"

मी म्हणालो, "शोधतोय."

त्या थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. निवृत्त शिक्षिका होत्या. उत्तर न आलेल्या मुलाला आणखी थोडा वेळ द्यावा तशा पाहत होत्या.

"यशूनं तुम्हाला सांगितलं नसेल," त्या म्हणाल्या. "माझे सगळे रिपोर्ट जुळलेत. माझं मूत्रपिंड तिला चालतं. डॉक्टर तारीख द्यायला तयार आहेत. हीच घेत नाही. पिकनिक झाली की घेऊ म्हणते. डॉक्टरांनाही तेच सांगितलं. ते हसले. त्यांना वाटलं, असेल आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न."

मला हे माहीत नव्हतं.

"माझं बीपी वाढायला लागलंय. आत्ता काठावर आहे, चालेल म्हणतात. आणखी वाढलं तर माझं घेणार नाहीत. घरात दुसरं कुणी नाही. मुलाला शुगर आहे, तो भिलाईला. हिचे वडील नाहीत. मी एकटीच आहे, भाऊ, देण्यासारखी."

"तुम्ही तिच्याशी बोलला नाहीत?"

"बोलले. ती म्हणते, तुला काही झालं तर? भिते. ते खोटं नाही." त्यांनी पदर नीट केला. "पण तेवढंच नाही. तुमच्याबरोबर जाते आणि हसत घरी येते. किती दिवसांनी हसताना पाहिली मी तिला. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तिला जाऊ नको असं मी कशी म्हणू? म्हणून तुम्हाला विचारते. बाग कधी ठरेल?"

दार उघडून यशोधरा आली. "काय चाललंय?" तिनं विचारलं.

"पिकनिकला मी काय आणू ते विचारत होते," शकुंतलाबाई म्हणाल्या.

त्या रात्री ऑफिसात मी पान वेळेत छपाईला सोडलं आणि तिथंच बसून राहिलो. माझ्या घरी कुणाचं जुळलं नव्हतं. माझं मशीन चालू राहणार होतं. यशोधराचं ऑपरेशन झालं, की ती आमच्या हॉलमध्ये पुन्हा पाऊल ठेवणार नव्हती, कारण नवीन मूत्रपिंडाच्या माणसाला दवाखान्यातल्या गर्दीपासून, आजाऱ्यांपासून लांब ठेवतात. आजाऱ्यांत मी होतो. आणि ऑपरेशन झालं नाही, तर ती दर मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी समोरच्या खाटेवर असणार होती आणि रविवारी स्कूटरवर. किती वर्षं ते कुणी सांगू शकत नव्हतं. आमच्या हॉलमधली खाट अचानक रिकामी व्हायची आणि पुढच्या पाळीला तिथं नवा माणूस असायचा.

रविवारी मी तिला शहराच्या पश्चिम टोकाला नेलं. नवा ले-आउट होता, घरं थोडी, आणि त्यांच्यामध्ये एक बाग. बाग नवी पण झाडं जुनी, आधीच्या शेतातली राखून ठेवलेली. एक मोठी चिंच, दोन आंबे, एका कडेला मेंदीचं कुंपण. फाटकावर गाडी नाही, ठेला नाही. कारंजं नव्हतं. एक नळ होता, त्याची तोटी काढून नेलेली होती. यशोधरानं नळाच्या तोंडाला बोट लावलं आणि कोरडं बोट मला दाखवलं.

आम्ही चिंचेखाली उभे राहिलो. काहीच ऐकू येत नव्हतं.

"लांब आहे," ती म्हणाली.

"दवाखाना इथून जवळ पडतो. रिंगरोडनं."

"बाकं नाहीत."

"सतरंज्या आणू."

"मुंग्या असतील."

"गुलाबरावांच्या अंगात त्यांना काय मिळणार? साखरसुद्धा बंद आहे."

ती हसली नाही. ती बाग पाहत होती, एकेक कोपरा, सावकाश. मीही पाहत होतो आणि तेव्हाच मला तो दिसला. मेंदीच्या पलीकडे माळ्याच्या खोलीला टेकून वाळूत बसवलेला एक रांजण होता. भोवती ओलं गोणपाट गुंडाळलेलं. वर लाकडी झाकण, झाकणावर लांब दांड्याचा ओगराळा. खालची वाळू ओलीनं काळी झाली होती आणि एक साळुंकी तिथं चोच बुडवत होती.

माझ्या तोंडात पाणी नव्हतं. तरी मी गिळलं.

यशोधराची नजर कुंपणाच्या दिशेनं फिरत होती. मी चालत जाऊन मध्ये उभा राहिलो. आजारानं मी काही रुंद उरलो नव्हतो. मी पिशवी खांद्यावरून काढून कोपरात अडकवली. थोडी आणखी जागा झाकली गेली.

"तिकडे काय आहे?" तिनं विचारलं.

"माळ्याची खोली."

"बघू या."

"त्याची बायको आंघोळीला बसलीय. बरं दिसणार नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तोंडावरचा दुपट्टा तिनं सोडला होता. मला वाटलं ती मला बाजूला हो म्हणेल. ती म्हणाली असती तर मी झालो असतो.

"मग?" ती म्हणाली.

"हीच."

"नक्की?"

"नक्की. येत्या रविवारी करून टाकू."

"करून टाकू," तिनं माझेच शब्द पुन्हा उच्चारले. "यात काही खोट नाही?"

"मला तरी दिसत नाही."

ती फाटकाकडे चालायला लागली. ती फाटकाशी पोचेपर्यंत मी कुंपणासमोरून हललो नाही. परत येताना तिनं सीटमागची दांडी धरली नाही. तिचा उजवा हात माझ्या खांद्यावर होता. तिच्या घराशी मी गाडी थांबवली तेव्हा तो हात उचलायला तिला थोडा वेळ लागला.

पिकनिक ठरल्याप्रमाणे झाली. उन्हं चढायच्या आत सगळे आले. गुलाबरावांच्या पत्नी पितळी डब्यात बिनमिठाचे रोडगे घेऊन आल्या होत्या. बटाटे क्षार निघून जावेत म्हणून दोनदा उकळून पाणी फेकून दिलेले. वांग्याची भाजी होती, पण प्रत्येकाला चमचाभर. शकुंतलाबाईंनी कुरमुरे आणले होते. सिस्टर जेसम्मा साडी नेसून आल्या तर पहिल्यांदा कुणी त्यांना ओळखलंच नाही. गुलाबराव चिंचेच्या बुंध्याला पाठ टेकून बसले, वर पाहिलं आणि म्हणाले, "हे पायजे होतं मले."

मग ते हात-पाय मोकळे करायला म्हणून उठले आणि मेंदीच्या पलीकडे गेले. थोड्या वेळानं तिकडून आवाज आला.

"पत्रकार. इकडं या जरा."

मी गेलो. माझ्यामागून सगळे आले. गुलाबराव रांजणासमोर कमरेवर हात ठेवून उभे होते.

"हे काय होय?"

"रांजण," मी म्हणालो.

"रांजण होय ते मले दिसते. कोण्या आंधळ्यानं पाह्यली होती बाग?"

"दोघांनी," यशोधरा म्हणाली.

गुलाबरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुढे काही विचारलं नाही. त्यांनी झाकण उचललं. आतलं पाणी स्थिर होतं, वर चिंचेचं एक पान तरंगत होतं. आम्ही सगळे वाकून पाहायला लागलो. सिस्टर काही बोलणार होत्या, त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. गुलाबरावांनी ओगराळा बुडवला, भरून वर काढला आणि तोंडाजवळ नेला. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो."

त्यांनी तो स्वतःच्या डोक्यावर ओतला.

"पेवाचं नाई म्हणते डॉक्टर," पाणी निथळत ते म्हणाले. "भिजाचं नाई असं कुठी म्हटलं?"

मग रांगच लागली. माळी येऊन पाहत राहिला. त्याला वाटलं असेल, कुठल्या तरी आश्रमातले लोक आहेत. गुलाबरावांनी प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक ओगराळा ओतला. सिस्टर साडी वर धरून पळाल्या, तरी त्यांना गाठलं. यशोधराची पाळी आली तेव्हा त्यांनी ओगराळा माझ्या हातात दिला. "माहा हात दुखून राहिला," म्हणाले आणि सगळ्यांना घेऊन चिंचेकडे गेले.

तिनं दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. मी पाणी ओतलं. ओंजळ भरली आणि कडेनं सांडायला लागली. ती त्या पाण्याकडे पाहत होती. तिनं ओंजळ तोंडाजवळ नेली. मी तिचे ओठ पाहत होतो. ते घट्ट मिटलेले होते. तिनं पाणी चेहऱ्यावर मारलं आणि चेहरा तळहातांत तसाच धरून ठेवला.

"रांजण मला त्याच दिवशी दिसला होता," हातांआडून ती म्हणाली.

मी ओगराळा झाकणावर ठेवला. "मग बोलला का नाहीत?"

"मी वाट पाहत होते. तुम्ही बाजूला होता का ते." तिनं हात खाली घेतले. चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं. "झाला नाहीत."

"नाही."

"आईनं सांगितलं ना तुम्हाला?"

"हो."

"एक रविवार अजून घेता आला असता, खडतकर. माळ्याची बायको सोडून दुसरं काही सुचलं असतं तर."

"एक घेतला असता तर दुसराही घेतला असता."

तिनं दुपट्ट्यानं चेहरा पुसला. "तुम्ही थांब म्हणाला असतात तर मी थांबले असते," ती म्हणाली. अगदी साधेपणानं, बाकांची तोंडं पश्चिमेला आहेत असं सांगावं तसं.

"माहीत आहे."

"चला. रोडगे गार होतील."

पंगतीत ती आईच्या शेजारी बसली. मी गुलाबरावांच्या. ते जेवताना एकदाच माझ्याशी बोलले. "बाग बरोब्बर पाह्यली," म्हणाले आणि आपल्या वाटणीचा अर्धा रोडगा माझ्या पानात ठेवला.

सोमवारी तिनं तारीख घेतली. मे संपायच्या आत ऑपरेशन झालं. शकुंतलाबाई चार दिवसांत उठून बसल्या. मूत्रपिंड चांगलं चाललं. त्यानंतरच्या मंगळवारी हॉलमध्ये समोरच्या खाटेवर कामठीचे एक वकील होते. त्यांना पहिल्याच दिवशी गुलाबरावांनी विचारलं, "वकीलसाहेब, बरं झाल्यावर पहिल्यांदा काय पेसान?"

पुढे यशोधरा आईबरोबर भावाकडे भिलाईला राहायला गेली. तिथं तिला शाळा मिळाली, नंतर तिचं लग्न झालं. पत्रिका आली होती. गुलाबराव त्याच्या पुढच्या हिवाळ्यात गेले. मला बऱ्याच वर्षांनी यादीतून नंबर लागून एका अनोळखी माणसाचं मूत्रपिंड मिळालं आणि आता मी हवा तेवढा चहा पितो. नागपूरच्या बागा मी नंतरही कामासाठी पाहिल्या. पश्चिमेच्या त्या बागेत गेलो नाही.

तिचा फोन आला होता तो ऑपरेशननंतरच्या आठवड्यात. तिला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. काचेतूनही कुणाला भेटू देत नव्हते. संध्याकाळ होती. मी ऑफिसला निघायच्या तयारीत होतो.

"खडतकर, हे पाणी जात नाही हो," ती म्हणाली.

"काय?"

"पाणी. दिवसभर प्यायला लावतात. नवीन मूत्रपिंडाला हवं असतं म्हणे, भरपूर. नर्स ग्लास घेऊन उभी राहते. मी नको म्हणते आणि ती ओरडते. मला. पाणी पीत नाही म्हणून." ती हसत होती की दमली होती ते मला कळेना. "काल मी चोरून मोरीत ओतलं."

"मंगळवारी काट्यावर कळेल," मी म्हणालो.

मग दोघंही हसलो.

"कसं लागतं?" मी विचारलं.

"कसंच नाही. साधं."

"आत्ता आहे जवळ?"

"आहे ना. हा काय, भरलेला."

"प्या."

"आता?"

"आता. फोन बाजूला ठेवू नका."

माझ्या त्या दिवसाच्या वाट्याचं पाणी दुपारीच संपलं होतं. घरात कूलरचा पंप टपटपत होता. मी उठून कूलर बंद केला आणि फोन कानाशी घट्ट धरला. स्टीलचा ग्लास फोनला लागल्याचा आवाज आला. मग घोट. मग श्वास. मग आणखी एक घोट, आणि त्यानंतर लागोपाठ, तहान लागलेल्या माणसासारखे. मी खिडकीशी उभा होतो. बाहेर अजून ऊन होतं.

"संपला," ती म्हणाली.

"अजून एक घ्या," मी म्हणालो.